घरच्या गाडीचा गिअरबॉक्स आणि आपली सवय



आज कांदा नाही, तूर नाही, ठिबकही नाही. आज घरच्या गाडीबद्दल लिहितोय. काही जण म्हणतील, शेतीच्या पानावर गाडीचं काय काम? पण माझं मत असं आहे की आपल्या अंगणात उभी असलेली सात सीटांची व्हॅन हे शेतीचंच अवजार आहे. फक्त आपण तिला अवजार समजत नाही. म्हणून तिच्याकडं बघत नाही आणि मग ती नको तिथं उभी राहते.

झालं असं. आमच्या आबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला न्यावं लागतं. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव. पहाटे निघायचं, चार तास मशीनवर, दुपारनंतर परत. दीड वर्ष हे चाललंय. एक दिवस करंजी घाटात वळणावर तिसरा गिअर काढून दुसरा टाकायला गेलो आणि दुसरा पडेचना. खर्रर्र आवाज. परत प्रयत्न केला. मग ना दुसरा, ना पहिला. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागं आबा, शेजारी कारभारीण. थंडीचे दिवस, सकाळचे सहा वाजलेले.

आबा म्हणाले, "बैल बसला का रं?"

मी म्हणालो, "बसला, आबा."

तिसगावकडून एक भाजीची पिकअप आली. त्या भल्या माणसानं आबांना पुढं बसवून नगरला नेलं म्हणून त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं नाही. ते चुकलं असतं तर अंगात पाणी साठतं, दम लागतो, हे ज्याच्या घरात असा पेशंट आहे त्याला सांगायला नको. त्या दिवसापासून मी विचार करतोय, चूक कुणाची?

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. दोष माझा होता.

सहा महिन्यांपासून दुसरा गिअर टाकताना खरखर यायची. मी काय करायचो, क्लच दोनदा दाबायचो आणि ढकलायचो. कारभारीण दोनदा म्हणाली होती, "अहो, गाडी उभी राहते तिथं तेलाचा डाग पडतोय." मी तिथं रेती टाकली! ठिबकच्या नळीला एक थेंब जास्त पडला तर मी दुपारच्या उन्हात गुडघ्यावर बसून जॉइनर बदलतो. ट्रॅक्टरचं ऑईल तासांवर मोजून बदलतो, वहीत लिहितो. आणि ज्या गाडीत माझा बाप बसतो तिच्या खालच्या डागावर रेती.

गाडी घेऊन एक लाख बारा हजार किलोमीटर झाले होते. इंजिन ऑईल दरवर्षी बदललं. गिअरबॉक्सचं ऑईल? एकदाही नाही. ते बदलायचं असतं हेच डोक्यात नव्हतं. गावात पंधरा-वीस जणांना विचारलं. दोघांनी बदललेलं होतं. एक ड्रायव्हर होता, दुसरा गॅरेजवाल्याचा साडू.

आता पुढची चूक. गाडी आणायला पुतण्याला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. दोर बांधला, न्यूट्रल केली आणि वीस-बावीस किलोमीटर ओढत आणली. नंतर मिस्तरीनं डोक्याला हात लावला. आपल्या या व्हॅन मागच्या चाकांवर चालतात. इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्यामागं गिअरबॉक्स, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलला. गाडी ओढताना मागची चाकं फिरतात, चाकांमुळं शाफ्ट फिरतो, शाफ्टमुळं गिअरबॉक्सच्या आतला मागचा भाग फिरतो. पण इंजिन बंद असल्यानं तेल वर उडवणारा खालचा शाफ्ट मात्र जागेवर उभा. म्हणजे आतला लोखंडी भाग कोरडा घासत राहतो. लांब ओढायची असेल तर मागची चाकं उचलून न्यावी, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट खोलून मग ओढावी. चार-सहा बोल्टांचं काम असतं.

हेच कारण उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांनाही लागू आहे. पेट्रोल वाचतं म्हणून आपल्याकडं घाटात ही सवय फार. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदतसुद्धा जाते, पाय कितीही दाबा, ब्रेक जड लागतो. वाचलेलं दहा रुपयांचं पेट्रोल कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता गॅरेजचं. पहिल्या ठिकाणी गाडी नेली तर त्यानं गिअर हलवून बघितला आणि न खोलता सांगितलं, "गिअरबॉक्स संपला. पूर्ण बदलावा लागेल. बेचाळीस हजार." माझ्या पोटात गोळा आला. कांद्याचे पैसे अजून हातात नव्हते. भाऊ म्हणाला, विकून टाक, नवी हप्त्यावर घे.

मी दोन दिवस थांबलो आणि एका जुन्या मिस्तरीकडं गेलो. त्याला एकच सांगितलं, "माझ्यासमोर खोला. खोलायची मजुरी देतो, मग ठरवू." खालचा नट काढला तर तेल निम्म्यापेक्षा कमी, काळंकुट्ट, आणि त्यात पिवळी चमकी. तो म्हणाला, ही पितळेची चमकी सिंक्रो रिंगची. रिंग झिजली म्हणून दुसरा गिअर ओरडत होता. लोखंडाचे तुकडे निघाले असते तर दात तुटलेत असं समजायचं, आणि मग खर्च मोठा. आमचे दात शाबूत होते. सिंक्रो रिंग, एक बेअरिंग, मागचं ऑईल सील, आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. कारण परत उतरवायची मजुरी परत लागते.

हिशेब लिहून ठेवलाय, जसाच्या तसा देतो.

सामान आणि तेल ९,६०० रुपये. मजुरी ४,५००. एकूण १४,१००. गाडी तीन आठवडे उभी होती. तेवढ्यात आबांच्या सहा फेऱ्या भाड्याच्या गाडीनं, फेरीला २,२०० प्रमाणे १३,२००. एकूण २७,३०० रुपये.

आणि जेव्हा पहिला डाग पडला तेव्हा सील आणि तेल बदललं असतं तर? मिस्तरी म्हणाला, दीड हजारात भागलं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आपल्याला गाडी महाग पडत नाही, दुर्लक्ष महाग पडतं.

माझ्या भावासारखे बरेच जण म्हणतात, जुन्या गाडीत पैसे कशाला घालायचे? याला माझं उत्तर असं: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्री किमतीच्या निम्म्याच्या वर चालला असेल, पत्रा सडला असेल, इंजिन धूर टाकत असेल, तर विका. पण चौदा हजारांसाठी पाच वर्षं हप्ता गळ्यात बांधून घेऊ नका. पावसावर पीक असणाऱ्या माणसानं महिन्याचा हप्ता घ्यायचा म्हणजे उत्पन्न वर्षातून दोनदा आणि देणं बारा वेळा. हे गणित आमच्या तालुक्यात कुणाला समजावून सांगायला नको.

आणि विकायची तर खरं सांगून विका. गिअरबॉक्सचा आवाज दाबायला जाड तेल नाहीतर लाकडाचा भुसा टाकून गाडी गळ्यात मारणारे आहेत. घेणाराही आपल्यासारखाच कुणाचा तरी बाप दवाखान्यात नेणार असतो. जुनी घेणाऱ्यानं गाडी थंड असताना चालू करायला सांगावी, सगळे गिअर स्वतः टाकून बघावे, रिव्हर्ससुद्धा, आणि खाली वाकून बघावं.

गॅरेजवाल्यांवरही एक बोलायचंय. सगळे लुटारू नाहीत. आपण मजुरीत घासाघीस करतो, पाचशेचे तीनशे करतो, मग तो बिचारा सामानात काढतो. हातातली कला बघा आणि मजुरी नीट द्या. पण बदल्यात तीन गोष्टी मागा: समोर खोलणं, काढलेलं जुनं सामान परत, आणि पक्कं बिल. बिल असलं तर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. बिल नसलं तर नुसती बडबड उरते.

आता आपल्याच चुका, ज्या मी स्वतः केल्या:

एक, ओझं. सात माणसं सत्तर किलोची धरली तर पाचशे किलोच्या आत. मी सीट काढून पन्नास किलोच्या बारा गोण्या कांदा नेप्तीला नेलाय. सहाशे किलो आणि वर मी. ते ओझं आधी क्लच आणि गिअरबॉक्स ओढतो. माल पिकअपमध्ये, माणसं व्हॅनमध्ये.

दोन, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं. हँडब्रेक कशाला दिलाय? इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, जळका वास येतो, तर क्लच प्लेट गेली समजा.

तीन, क्लचवर पाय आणि गिअरच्या दांडीवर हात ठेवून गाडी चालवणं. पायानं रिलीज बेअरिंग झिजतं, हातानं आतला फोर्क.

चार, आवाजाकडं दुर्लक्ष. न्यूट्रलला घूंघूं आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर बंद होतो, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघा. उलटं, क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. गाडी उचलताना खालून ठक्क वाजतं, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. हा नुसता क्रॉस असतो आणि लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात.

पाच, कुठलंही तेल. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच. ट्रॅक्टरचं उरलेलं तेल गाडीत ओतू नका. काही तेलांतली द्रव्यं पितळेच्या रिंगला खातात.

आपला जिल्हा गाड्यांना नवखा नाही. लुना याच नगरात बनायची, १९७२ पासून. तिला गिअर बदलायची भानगडच नव्हती, म्हणून तेव्हा आमच्या वडिलधाऱ्यांना ती जमली. त्याच कारखान्यात पुढं मोठ्या गाड्यांचे गिअर बनू लागले. लष्कराच्या गाड्या तपासणारी वाहन संशोधन संस्था आपल्या नगरला आहे. १९८४ ला मारुतीची व्हॅन आली आणि गावोगावी लग्नाला, दवाखान्याला, शाळेला तीच पळाली. ओमनी २०१९ ला बंद झाली तरी अजून प्रत्येक वाडीवर एखादी दिसते. एवढ्या वर्षांत आपण गाडी चालवायला शिकलो, पण तिच्याखाली वाकायला शिकलो नाही.

म्हणून कृषी सहाय्यक, विज्ञान केंद्रातले साहेब वाचत असतील तर विनंती आहे. राहुरीला विद्यापीठ, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथं कृषी विज्ञान केंद्रं. फवारणी पंपाची, ट्रॅक्टरची निगा शिबिरात सांगता, तसा अर्धा दिवस घरच्या गाडीला द्या. एक मिस्तरी बोलवा, एक उघडा गिअरबॉक्स टेबलावर ठेवा. पोरांबरोबर बायांनाही बोलवा, कारण डाग आधी त्यांनाच दिसतो. माझ्या घरी तरी तसंच झालं.

मी आता फवारणीच्या वहीतच मागची चार पानं गाडीला दिलीत. किलोमीटर, तारीख, कुठलं तेल, कुठलं सामान. दर पंधरा दिवसांनी गाडी जिथं उभी असते तिथली जागा बघतो. जमीन कोरडी असली की बरं वाटतं. पावसाळ्यात एवढीच एक गोष्ट कोरडी चांगली!

काल परत करंजी घाटातून गेलो. त्याच वळणावर दुसरा गिअर लोण्यासारखा पडला. आबा मागून म्हणाले, "बैल उठला वाटतं."

तुमच्या गाडीचं गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं, आठवतंय का? आठवत नसेल तर उद्या सकाळी दूध घालून आलात की एकदा खाली वाकून बघा.

राम राम.