‘बरं आहे साहेब’ म्हणजे बरं असतंच असं नाही

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचे विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय आपण सारे ‘सिव्हिल’ म्हणूनच ओळखतो. मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत पार जव्हार-मोखाड्यापर्यंतच्या गोरगरिबांची भिस्त याच रुग्णालयावर. गावात निभावले नाही, तालुक्याला जमले नाही, की ‘सिव्हिलला न्या’ हे ठरलेले. ९०० खाटांची नवी इमारत बांधायची म्हणून २०२३ साली हे रुग्णालय टेंभी नाक्यावरून मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आले. खाटा वाढणार ही चांगलीच गोष्ट. पण त्या खाटेवरच्या माणसाला मिळणारी सेवा चांगली की वाईट, हे ठरवायचे कसे? रुग्णालाच विचारा, असे कोणीही म्हणेल. खरी मेख इथेच आहे.

कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या रांगेत बघा. निवृत्त कारकून, शाळामास्तर किंवा चार पैसे बाळगून असलेला बागायतदार तासभर उभा राहिला की चिडतो. पंखा का बंद, डॉक्टर कुठे गेले, औषध बाहेरून का आणायचे, असे विचारतो. त्याच रांगेत पाड्यावरची कातकरी बाई तीन तास बसलेली असते. एसटी, मग लोकल, अशी मजल करून आलेली. दिवसाची मजुरी बुडालेली. अर्धी औषधे दुकानातून विकत घेऊन ती परत निघते. तिला विचारले, कसं काय झालं? तर म्हणते, “बरं केलं डॉक्टरनं. वरडला नाय.”

दोघांना मिळालेली सेवा एकच, पण कागदावर एक असमाधानी आणि दुसरी समाधानी. फरक सेवेत नाही, अपेक्षेत आहे. ज्याला आयुष्यभर कोणी खुर्ची दिली नाही, त्याला जमिनीवर बसायला जागा मिळाली तरी उपकार वाटतात.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. जुडिथ हॉल आणि मायकेल डॉर्नन या अमेरिकी संशोधकांनी १९९० साली रुग्णांच्या समाधानावर झालेल्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. वयस्क आणि कमी शिकलेले रुग्ण थोडे जास्त समाधानी असल्याचे सांगतात, असे त्यांना दिसले. फरक मोठा नव्हता, पण होता. अमर्त्य सेन यांनी २००२ साली केरळ आणि बिहारचा दाखला दिला. केरळात माणूस जास्त जगतो, दवाखाने बरे, शिक्षण जास्त. तरी ‘मी आजारी आहे’ असे सांगणारे केरळातच जास्त आणि बिहारात कमी. म्हणजे बिहारी माणूस ठणठणीत होता असे नव्हे. दुखणे हे दुखणे आहे आणि त्यावर इलाज मिळायला हवा, हे कळायलासुद्धा शिक्षण आणि दवाखाना जवळ असावा लागतो.

आणखी एक गोष्ट आहे ती पैशाची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. निर्णय चांगला आहे. पण ‘फुकट मिळतंय, मग बोलायचं कशाला?’ अशी भावना खेड्यात पक्की आहे. बांधवांनो, हे फुकट नाही. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर आपण कर भरतो. दवाखाना त्याच पैशावर चालतो. तिथे आपण याचक म्हणून जात नाही.

कोणी म्हणेल, गरीब समाधानी आहे तर राहू द्या ना, तुमचं काय जातं? जातं ते त्याचंच जातं. ज्या दवाखान्याबद्दल तक्रार नाही, त्याची रिकामी जागा भरायची घाई कोणाला असते? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. सिव्हिल हलवल्यामुळे तिथला भार वाढल्याचे तेव्हा सांगितले गेले. असा भार एका रात्रीत वाढत नाही. रांग रोज थोडी लांबते, खाटेशेजारी आणखी एक गादी पडते. रांगेतला माणूस मात्र ‘बरं आहे साहेब’ म्हणत राहतो. शेवटी जो दगावतो, तो तर समाधानाचा कागद भरायला येतच नाही.

मग करायचे काय? आपल्या शेतीखात्याकडे याचे उत्तर आहे. भाताचे पीक कसे आहे, हे शेतकऱ्याला नुसते विचारून आपण पैसेवारी काढत नाही. एकजण हात राखून सांगेल, दुसरा शेजाऱ्यासमोर फुशारकी मारेल. म्हणून पीक कापणी प्रयोग करतो. ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, झोडायचा, वजन करायचे. आकडा येतो तो खरा. दवाखान्याचेही असेच मोजमाप हवे.

हा प्रयोग आपल्या जिल्ह्याला नवा नाही. २००७ साली राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद यांच्याबरोबर ठाणे होते. त्यात ‘समाधानी आहात का?’ एवढ्यावर भागत नव्हते. नर्सबाई गावात आल्या का, लस मिळाली का, औषध बाहेरून आणावे लागले का, पैसे मागितले का, असे रोखठोक प्रश्न होते. उत्तरांवरून गावाच्या पत्रकात हिरवा, पिवळा, लाल रंग भरायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचा. एकट्याने तक्रार करायला घाबरणारा माणूस गावाच्या पत्रकामागे उभा राहू शकतो. उद्या पुन्हा त्याच डॉक्टरकडे जायचंय, ही त्याची भीती खोटी नसते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना विनंती आहे. येत्या ग्रामसभेत आरोग्याचा विषय घ्या. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती गावोगावी आहे, तिची वही काढा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन आलेल्यांना पाच गोष्टी विचारा. किती वाजता पोचलात आणि किती वाजता तपासले? डॉक्टरांनी आजार काय तो समजेल असा सांगितला का? औषधासाठी बाहेर किती रुपये गेले? पुढे पाठवले असेल तर गाडी मिळाली का? किती दिवसांची मजुरी बुडाली? आधी पाड्यावरच्या बायकांना बोलते करा, मग बोलक्यांना. सही नको, नाव नको, आकडा लिहा.

यात डॉक्टरांशी भांडण मुळीच नाही. रिकाम्या जागांचे ओझे तेही वाहतात. त्यांना जास्तीचा डॉक्टर, नर्स आणि औषधसाठा हवा असेल, तर हाच आकडा त्यांच्याही उपयोगी पडेल.

भाताला पाणी कमी पडले तर आपण पाटबंधारे खात्यात जाऊन बसतो. बी उगवले नाही तर पंचनामा करा म्हणून तालुक्याला धडकतो. स्वतःच्या जिवाच्या बाबतीतच ‘चाललंय’ म्हणून गप्प का बसायचं?