आत्याला काय झालं होतं?

कॅन्सरतज्ज्ञ हल्ली घराण्याची चौकशी बारकाईने करतात. मावशीला आजार कितव्या वर्षी झाला, आत्याला काय झालं होतं? आत्याचं नाव निघालं की अनेकजण बुचकळ्यात पडतात. स्तनाच्या कॅन्सरचा वारसा आईकडचाच, असा आपला पक्का समज! प्रत्यक्षात १९९४ साली सापडलेल्या बीआरसीए-१ या जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो, आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

म्हणून या अंकाचा विषय जनुकतपासणी. वारशाची तपासणी रक्तावरून होते; गाठीच्या तुकड्याची वेगळी. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये गाठीत ईजीएफआर जनुकाचा ठरावीक बदल आढळला, तर अनेकांना सलाईनमधल्या केमोऐवजी रोजच्या गोळीने उपचार सुरू करता येतात. असा बदल बहुतेक वेळा गाठीपुरताच असतो, मुलाबाळांकडे जात नाही. या दोन तपासण्यांची गल्लत होते आणि घर उगाच धास्तावतं.

तंत्राचं कौतुक आम्हालाही आहे, पण लेखांचा रोख आम्ही घराकडे ठेवला आहे. अहवाल धाकट्या बहिणीला सांगायचा का? सोयरीक जुळवताना त्याचं काय करायचं? आणि खर्च? समुपदेशनाशिवाय वारशाची तपासणी करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

तुमच्या घरात हा प्रश्न आला असेल, तर जरूर लिहा. नाव छापणार नाही.