आधी निदान, मग पाना

सेकंड हँड घेतलेली ऑटोमॅटिक एसयूव्ही गिअर बदलताना धक्का देऊ लागली, की मालकाच्या कानावर दोनच निकाल पडतात. गॅरेजवाला म्हणतो, ‘गिअरबॉक्स गेला, खाली उतरवावा लागेल.’ गाडी विकणारा म्हणतो, ‘ऑटोमॅटिकला एवढे झटके असायचेच, बिनधास्त चालवा.’ एक निकाल लाखभराचा खर्च सांगतो, तर दुसरा शून्याचा. तपासणी मात्र दोघांनीही केलेली नसते. झटका हे लक्षण आहे. त्यामागची बरीच कारणे गिअरबॉक्सच्या बाहेर असतात आणि उरलेल्यांपैकी काही तो न उतरवता दूर होतात. म्हणून बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे जाणारी तपासणी पुरी होण्याआधी गिअरबॉक्सला पाना लावणे चूक आहे, आणि झटका अंगावर घेत गाडी पळवणे ही तितकीच मोठी चूक आहे.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो म्हणजे एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. ही देवाणघेवाण ऑइलच्या दाबावर चालते. दाब व्हॉल्व्ह बॉडीतले सोलेनॉइड ठरवतात आणि सोलेनॉइडना हुकूम कॉम्प्युटर देतो. इंजिन किती जोर लावत आहे हे त्या कॉम्प्युटरला इंजिनाच्या सेन्सरांकडून कळते, आणि ऐन बदलाच्या क्षणी तो इंजिनाला जोर कमी करायलाही सांगतो. या साखळीची कोणतीही कडी बिघडली तरी चालकाला जाणवतो तो एकच झटका. शिवाय कॉम्प्युटरला गंभीर दोष दिसला, तर बहुतेक गिअरबॉक्स सोलेनॉइडची वीज तोडून एकाच गिअरवर अडकून राहतात आणि आतला दाब कमाल पातळीवर नेतात. क्लच घसरून जळू नयेत यासाठी ही सोय असते. अशा अवस्थेत न्यूट्रलवरून ड्राइव्हला टाकताना बसणारा दणका हा गिअरबॉक्स स्वतःला वाचवत असल्याचा पुरावा असू शकतो. नेमक्या त्याच दणक्यावरून तो मेला असे जाहीर करणे उफराटे आहे.

‘गिअरबॉक्स गेला’ या निकालाविरुद्धचा सर्वांत बोलका दाखला निसान पाथफाइंडरचा आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या 2005 ते 2010 या मॉडेलांत गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या आतच बसवलेला होता. तो आतून फुटला की कूलंट ऑइलमध्ये शिरे, ऑइल गुलाबी दुधासारखे दिसू लागे आणि पाण्याने क्लचच्या प्लेटांवरचे अस्तर सुटत जाई. गिअरबॉक्स तेथे खरोखरच मरत होता, पण त्याला मारणारा रेडिएटर होता. जो मेकॅनिक रेडिएटर न तपासता नवा गिअरबॉक्स बसवील, तो त्या नव्यालाही त्याच वाटेने धाडील. बाहेरची कारणे एवढी नाट्यमय असावी लागतात असेही नाही. खचलेले माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टचा ढिला क्रॉस किंवा ग्रीस न मिळालेली स्प्लाइन थांबताना-निघताना ‘ठक’ करते आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. कमजोर बॅटरी वा गंजलेले अर्थिंग खोटे कोड उभे करते. हवा मोजणारा सेन्सर चुकला, तर जोराचा अंदाज चुकतो आणि दाबही चुकतो.

आता ‘झटके असायचेच’ या मताकडे वळू. एएमटीमध्ये क्लच एकच असतो, त्यामुळे गिअर बदलताना जोर क्षणभर तुटतो आणि मान किंचित पुढे जाते. हा त्या यंत्राचा स्वभाव आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचा तो स्वभाव नाही. तेथे कालपर्यंत नसलेला झटका आज आला, तर काहीतरी बदलले आहे. ऑइल कमी पडल्याने पंप हवा ओढत असेल, तर फेस होतो, दाब पडतो, क्लच घसरतो आणि घसरणारा क्लच उष्णतेने जळतो. आज काही लिटर ऑइलने भागणारे काम दुर्लक्षामुळे ओव्हरहॉलपर्यंत पोचते. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दाचा आधार येथे घेतला जातो. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. ‘जुने ऑइल बदलले की गिअरबॉक्स बसतो’ ही धारणाही तपासून घ्यावी. क्लच घसरू लागल्यावरच ज्यांना ऑइल आठवते, त्यांचा गिअरबॉक्स पुढे बसतो. रोग आधीचा असतो आणि दोष मात्र शेवटच्या उपचाराला लागतो.

योग्य निदानाचा क्रम असा असावा. झटका कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर जाताना येतो, इंजिन थंड असताना की तापल्यावर, चढताना की उतरताना, हे आधी लिहून काढावे. एकाच बदलाला येणारा झटका त्या विशिष्ट क्लचकडे किंवा सोलेनॉइडकडे बोट दाखवतो. सगळ्याच बदलांना येणारा झटका मुख्य दाब, ऑइल वा इंजिनाकडून येणाऱ्या माहितीकडे नेतो. मग गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लावावा. स्वस्त स्कॅनर पुष्कळदा फक्त पी 0700 दाखवून थांबतो, आणि त्याचा अर्थ एवढाच की खरा कोड दुसरीकडे नोंदलेला आहे. त्यानंतर ऑइलची पातळी. अनेक गाड्यांना त्यासाठी डिपस्टिकच नसते. गाडी सपाटीवर उचलून, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पीवर आणायचा. कंपनीने दिलेल्या तापमानाला ऑइल पोचले की लेव्हलचा नट खोलायचा. झेडएफच्या अनेक सहा गिअरी बॉक्सना हे तापमान 30 ते 50 अंश सेल्सिअस असते. धार थांबून थेंब पडू लागले की पातळी बरोबर आली. तापून 80 अंशांवर गेलेल्या गिअरबॉक्सवर हाच प्रयोग केला, तर फुगलेले ऑइल जास्त वाहून जाते आणि थंड झाल्यावर ते कमी भरते. ऑइलचा प्रकारही कंपनीने सांगितलेलाच हवा, कारण त्यातल्या घर्षणाच्या द्रव्यांवर क्लचची पकड ठरते.

यावर खरा वजनदार आक्षेप असा, की कधीकधी गिअरबॉक्स खरोखर आतून मोडलेला असतो. मान्य आहे. फोर्डच्या दहा गिअरी 10आर80 मध्ये सी, डी आणि एफ क्लचच्या ड्रममधली बुश जागेवरून सरकते, दाब गळतो आणि झटके येतात. हाच गिअरबॉक्स 2020 च्या एन्डेव्हरमधून भारतात आला आणि 2021 मध्ये फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केल्यानंतर या गाड्या जुन्या बाजारातच मिळतात. येथे उघडावेच लागेल, पण कोणता ड्रम पाहायचा हे आधीच्या तपासणीनेच कळते. स्क्रॅपमधला दुसरा गिअरबॉक्स चढवणे हा त्यावर आंधळा उपाय आहे. त्याच्या सोलेनॉइडची स्वतंत्र ओळख-आकडेवारी कॉम्प्युटरमध्ये भरली नाही, तर चांगला गिअरबॉक्सही झटके देतो. दुसरा आक्षेप अनुभवी कानाचा. अनुभवाचे मोल मोठे आहे, कारण कोठे पाहायचे हे तोच सांगतो. मात्र दाब, तापमान आणि घसरण कानाला मोजता येत नाही. तपासणीच्या खर्चाचा मुद्दाही टिकत नाही, कारण ती फसली तरी जाते अर्धा दिवस, आणि न करता उघडलेला गिअरबॉक्स घेतो महिनाभराचा पगार किंवा त्याहून जास्त.

म्हणून मालकाने गॅरेजकडे निकालाऐवजी पुरावा मागावा: कोडची छापील यादी, कोणत्या तापमानाला पातळी पाहिली याची नोंद, काढलेल्या ऑइलचा नमुना. गाडी घेणाऱ्याने तर व्यवहाराआधीच मागावा. इंजिन थंड असतानाच चाचणी घ्यावी आणि कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तो आकडा स्कॅनरवर पाहावा. आदल्या दिवशीच पुसलेले कोड पुष्कळ काही सांगून जातात. पुरावा मागणाऱ्या ग्राहकावर काही मेकॅनिक चिडतील, पण चांगला मेकॅनिक त्याला आपला मित्र मानील, कारण अंदाजाने उघडलेल्या गिअरबॉक्सची बदनामी शेवटी त्याच्याच धंद्याला चिकटते.