पॉवर प्रेसवरील सुरक्षा प्रशिक्षणाची उद्दिष्टे ठरवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : पॉवर प्रेस कामगारांच्या प्रशिक्षणाची उद्दिष्टे प्रत्यक्ष कृतीच्या स्वरूपात ठरवणेबाबत.

महोदय,

आम्ही चाकण-भोसरी परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांतील कायम व कंत्राटी कामगार आहोत. सुरक्षा प्रशिक्षण मिळवण्याचा कामगाराचा हक्क 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कलम 111-अ म्हणून आला. आमच्या वाट्याला मात्र पहिल्या दिवशीचे तासभराचे भाषण, हजेरीपटावरची सही आणि 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ एवढेच येते. ‘कामगारांना सुरक्षेची जाणीव होईल’ हे उद्दिष्ट कागदावर पूर्ण होते. प्रेसवर बोटे जायची थांबत नाहीत. म्हणून आमच्या मागण्या :

1. ऑपरेटरसाठी उद्दिष्ट असे असावे : पाळी सुरू होताना तो गार्ड, दोन्ही हातांची बटणे व इमर्जन्सी स्टॉप तपासून दाखवेल. एकाच बटणावर रॅम खाली आला किंवा डबल स्ट्रोक पडला, तर काम थांबवून सुपरवायझरला कळवेल. अडकलेला जॉब हाताने न काढता चिमट्याने काढेल.

2. डाय सेटरसाठी उद्दिष्टे वेगळी असावीत : मेन स्विचला कुलूप लावणे, मोटर बंद केल्यावरही फिरत राहणारे फ्लायव्हील पूर्ण थांबू देणे, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवणे आणि मगच डायमध्ये हात घालणे.

3. सुपरवायझर व व्यवस्थापनालाही उद्दिष्टे लागू करावीत. टार्गेटसाठी बटणाला टेप लावणे किंवा गार्ड काढणे त्यांनी रोखलेच पाहिजे. प्रशिक्षण दिले म्हणून गार्डची जबाबदारी कामगारावर ढकलता येऊ नये.

4. परीक्षा लेखी नको. ती मशीनवर, कामगाराला समजणाऱ्या मराठी किंवा हिंदीत व पगारी वेळेत व्हावी. उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही, कंत्राटी कामगारालाही, प्रेसवर उभे करू नये.

5. मशीन किंवा डाय बदलल्यावर, तसेच अपघात किंवा थोडक्यात टळलेल्या अपघातानंतर फेरपरीक्षा घ्यावी.

6. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी हजेरीपटावर न थांबता कामगाराकडून वरील कृती करवून पाहाव्यात. मशीन थांबवणाऱ्या कामगाराचा पगार कापल्यास कारवाई व्हावी.

वरील उद्दिष्टांचा नमुना तयार करण्यासाठी आपले अधिकारी, कारखानदार व प्रेसवर काम करणारे कामगार यांची संयुक्त बैठक 30 दिवसांत बोलवावी आणि निर्णय आम्हांस लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
पॉवर प्रेस विभागातील कामगार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)