मतं मागायला येतील, त्याआधी आपल्या वाट्याचा हिशेब



हा अंक वारज्यात तयार होतोय. आपल्या पाड्यांवरची बरीच माणसं भात घरात येईपर्यंत थोडी गावी, थोडी इथं नाक्यावर अशी असतात. म्हणून या वेळची बैठक आम्ही इथंच घेतली. सांजच्याला कामावरून सुटून लोक आले ते रात्री उशिरापर्यंत बसले. विषय एकच होता. निवडणूक येतेय, तर तिचं करायचं काय?

पहिलं हे समजून घेऊ, की निवडणूक इतकी लांबली का. वारजे हे १९९७ साली पुणे महापालिकेत घेतलेलं गाव. ग्रामपंचायत गेली, तिच्या जागी नगरसेवक आले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तेही गेले. त्यानंतर इथं प्रशासक आला. जून २०२१ मध्ये पुण्याच्या भोवतालची आणखी २३ गावं शहरात घेतली, त्यांचं तर नवलच. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या आणि नऊ महिन्यांत महापालिकाही बिनमाणसांची झाली. त्या गावांतल्या माणसाने २०२५ संपेपर्यंत नगरसेवकाला मत असं दिलेलंच नव्हतं. पट्टी मात्र भरत होता.

आपल्याकडे तरी काय वेगळं? पुणे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत त्याच मार्चमध्ये संपली. कारण सांगितलं गेलं ते ओबीसी आरक्षणाचं आणि गट-गण, प्रभाग यांच्या आखणीचं. खटला सुप्रीम कोर्टात पडून राहिला. ६ मे २०२५ ला कोर्टाने सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तेही जमलं नाही. सप्टेंबरात पुन्हा मुदत वाढवून मिळाली, ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. ओबीसी बांधवांना त्यांचं आरक्षण मिळायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण साडेतीन वर्षं जिल्ह्याचा कारभार साहेबांच्या सहीवर चालला आणि मुंबईत कुणाच्या पोटात दुखलं नाही, हेही खरं. नळयोजना बंद पडली, शाळेचं छप्पर गळलं, तर सदस्याच्या ओट्यावर जाऊन बसता यायचं, चार शब्द सुनावता यायचे. प्रशासकाच्या दारात आधी शिपाई भेटतो.

आता पैशाचं. हे नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मार्च २०२६ अखेर कर्ज ९ लाख ३० हजार कोटींच्या पुढे जाईल असं सरकारनेच लिहिलंय. माणशी हिशेब काढला तर पाळण्यातल्या पोराच्याही डोक्यावर सत्तर हजारांच्या आसपास. लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी ठेवलेत. निवडणुकीच्या तोंडावर, जुलै २०२४ पासून, महिन्याला १५०० सुरू झाले. प्रचारात २१०० म्हणाले. ते २१०० अजून आलेले नाहीत. शेतकऱ्याला कर्जमाफीचा शब्द दिला होता, आणि २८ मार्च २०२५ ला अर्थमंत्री अजित पवार म्हणाले, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरून टाका. तीन दिवस!

मग पैसा आणायचा कुठून? एका महिन्याच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख वळवले. सामाजिक न्याय खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर उघड नाराजी बोलून दाखवली, म्हणजे हे आम्ही पदरचं सांगत नाही. सरकारचं म्हणणं असं, की लाडक्या बहिणींत आदिवासी बहिणीही आहेत, तर त्यांच्या वाट्याचा खर्च त्यांच्या निधीतून टाकला, त्यात नियम मोडला नाही.

ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून थांबून बघू. आदिवासी घटक योजनेचा पैसा हा आपली लोकसंख्या राज्यात नऊ टक्क्यांच्या वर आहे म्हणून वेगळा काढला जातो. आश्रमशाळा, वसतिगृहं, रस्ते, पाणी, दवाखाने यांत आपण मागे ठेवले गेलो, ती तूट भरायला तो आहे. पेसा गावांच्या ग्रामपंचायतींना जो ५ टक्के अबंध निधी येतो, तोही याच योजनेतून. लाडकी बहीण ही सगळ्या राज्याची योजना. पुण्यातल्या बहिणीचे १५०० सरकारच्या तिजोरीतून आणि पाड्यावरच्या बहिणीचे १५०० तिच्याच लेकराच्या आश्रमशाळेच्या वाट्यातून, असा हा हिशेब झाला. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने कनवटीचं काढलं.

बैठकीत इथं वाद झाला, तो लपवत नाही. काही तरुण म्हणाले, असले पैसे घेऊच नयेत, ही मतांची खरेदी आहे. त्यावर बाया खवळल्या. एक मावशी म्हणाली, "तुम्ही पानतंबाखूला उडवता तेवढ्यात माझ्या घरी महिन्याचं तेल-मीठ येतं. पहिल्यांदा माझ्या नावावर पैसे आलेत. मी का सोडू?" आम्ही मावशीच्या बाजूने आहोत. ते पैसे आपल्याच करातून येतात. काडेपेटी घेतली तरी कर भरतो आपण. सोडायचं काहीच नाही. १५०० ही पाहिजेत आणि आश्रमशाळेचे ३३५ कोटीही परत पाहिजेत.

शिवाय तेही किती दिवस मिळतील? मतदान होईपर्यंत कागद कुणी फारसे तपासले नाहीत. मतदान झालं आणि चाळणी लागली. जून २०२५ पासून २६ लाखांवर नावांचे पैसे थांबवले. हजारो पुरुष पैसे घेत होते हेही निघालं. चोर पकडा, आमचं काही म्हणणं नाही. पण २०२५ मध्ये ई-केवायसी काढली, तीही नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारसकट. डोंगरावर फोनला रेंज नाही, ओटीपी यायला टेकाडावर चढावं लागतं. जिचा नवरा सोडून गेला, बाप मेला, तिने कुणाचं आधार आणायचं? अशा बायांची नावं प्रत्येक पाड्याने लिहून ठेवावीत, आपण एकत्र तहसीलला नेऊ.

वारज्यात बसून आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे आली, तीही सांगतो. इथल्या टेकडीवर वनखात्याच्या जमिनीवर शहरी वन केलंय. ५ जून २०२० ला केंद्राने देशात २०० नगर वनं करायची घोषणा केली, तेव्हा नमुना म्हणून हेच दाखवलं. चाळीस एकर, ६५ हजारांवर झाडं, पाच तळी, दोन मनोरे. झाडं लावली, चांगलं झालं, सावलीला आमचे नाक्यावरचे लोकही बसतात. पण त्या घोषणेतल्या नगर वनांना पैसा कोणता, तर कॅम्पाचा. धरणाला, खाणीला, रस्त्याला जंगल तोडलं की भरपाई म्हणून जो पैसा जमा होतो तो. तोड आपल्या रानात आणि बाग शहरात. ज्या ग्रामसभेचं रान गेलं तिला त्या पैशाबद्दल कुणी विचारत नाही. आणि २०२२ च्या नव्या वन संवर्धन नियमांनी तर केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांचं बघणं नंतर, राज्यावर सोपवून, अशी उलटी पायरी केली.

याच पुण्यात कोंढव्याला सुमारे ३० एकर राखीव वनजमीन १९९८ साली एका कुटुंबाला दिली गेली आणि पुढे बिल्डरांच्या सोसायटीकडे गेली. १५ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ते सगळं रद्द केलं. पुढारी, अधिकारी आणि बिल्डर यांच्या साटंलोट्यावर ताशेरे ओढले. यायला २७ वर्षं लागली. आपल्या २० गुंठ्यांच्या दळीला मात्र १३ फेब्रुवारी २०१९ चा एक हुकूम पुरला होता, दावा फेटाळला असेल तर बाहेर काढा म्हणून. देशभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली.

रस्त्यावर उतरण्याचं निघालंच आहे, तर जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं विशेष जनसुरक्षा विधेयकही ध्यानात ठेवा. नक्षलवाद्यांसाठी आहे, तुम्हाला कशाची भीती, असं म्हणतात. पण त्यात सरकार संघटनाच बेकायदा ठरवू शकतं, तिची जागा, पैसा ताब्यात घेऊ शकतं, आणि सभासदाला तुरुंग आहे. साडेबारा हजारांच्या आसपास हरकती-सूचना गेल्या होत्या. थोडे शब्द बदलले, कायद्याचा कणा तोच राहिला. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये काय केलं होतं? यंत्रावर भरवसा नाही म्हणून गावाने आपणहून कागदी मतपत्रिकेवर मोजणी करायचं ठरवलं. त्याला सरकारी किंमत काहीच नव्हती. तरी जमावबंदी लावली, पोलीस आणले आणि होऊ दिलं नाही. त्यांचा संशय खरा की खोटा हे आम्ही सांगत नाही. गावाने आपली माणसं आपण मोजली तर कुणाचं काय बिघडत होतं, एवढंच विचारतो.

बैठकीत शेवटी ठरलं ते असं. मतदान करायचं, झाडून सगळ्यांनी. नाक्यावरच्या लोकांनी त्या दिवशी मजुरी बुडाली तरी गावी जायचं, आणि याद्यांत नाव आहे का ते आत्ताच बघायचं. कुणाला द्यायचं हे संघटना सांगणार नाही. पण जो उमेदवार पाड्यावर येईल त्याला मटण-गाडीच्या आधी ग्रामसभेपुढे बसवायचं आणि दोन गोष्टी विचारायच्या. ३३५ कोटी ७० लाख परत आणायला तू कुठल्या सभागृहात काय बोलशील? आणि आमच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्यावर जिल्हा समितीत तुझी सही कुठल्या बाजूला पडेल? जिल्हा आणि उपविभागीय वनहक्क समित्यांत निवडून आलेले तीन-तीन सदस्य बसायचे असतात. तेच नसल्याने साडेतीन वर्षं तिथं आपल्या बाजूचं बोलायला कुणी नव्हतं. म्हणून ही निवडणूक आपल्याला लहान नाही.

आणि २६ जानेवारीची वाट न बघता प्रत्येक गावाने ग्रामसभा घ्यावी. वनहक्काचा विषय असेल तर निम्मे गावकरी हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, नाहीतर साहेब तोच दोष काढून ठराव परत धाडतील. निधी परत करण्याचा ठराव वेगळ्या कागदावर लिहा, अंगठे-सह्या घ्या. एक प्रत प्रकल्प अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या, एक गावात ठेवा, तिसरी वारज्याला बैठकीत आणा. ज्या गावात लिहिणारं कुणी नाही त्यांनी निरोप धाडावा, इथून दोन पोरं येतील. येताना डोंगराची वाट कुठपर्यंत गाडीची आहे तेवढं कळवा.