ज्वारीच्या राखणीला एक पुस्तक



ज्वारी हुरड्यात आली की रानात माळा उभा राहतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यात अशा रात्री माळ्यावर अंग टाकले की वर सगळे आभाळ चांदण्यांनी गच्च भरलेले दिसते. सोबतचे नातवंड हमखास विचारते, "आबा, तिकडंबी आपल्यावानी रानं, माणसं असतील का?" त्याला "झोप आता" म्हणून गप्प करू नका. हाच प्रश्न मोठमोठे शास्त्रज्ञही विचारीत आहेत.

पंचांगातले पूर्वाभाद्रपदा नक्षत्र तुम्हाला नावाने ठाऊक आहे. त्याच्याजवळच्या एका अंधूक ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह १९९५ साली सापडला. तो गुरूच्या जातीचा, ताऱ्याला चिकटलेला, भट्टीसारखा तापलेला. आपल्या कामाचा नव्हे! पण सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती सापडलेला तो पहिलाच ग्रह. पुढे २०२५ पर्यंत असे सहा हजारांवर ग्रह मोजून झाले.

ते शोधतात कसे? लांबच्या कंदिलापुढून चिलट गेले तर चिलट दिसत नाही, उजेड मात्र किंचित मंदावतो. २००९ साली आकाशात सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने ताऱ्यांचा उजेड असाच न्याहाळून अडीच हजारांवर ग्रह हेरले. सूर्यासारख्या ताऱ्यापुढून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर उजेड दहा हजारांत जेमतेम एक भाग कमी होतो. यावरून कामाची चिकाटी ध्यानात येईल.

पृथ्वीसारखा ग्रह म्हणजे खडकाळ जमीन हवी, आणि ताऱ्यापासून अंतर असे हवे की पाणी उकळून उडू नये, गोठूनही जाऊ नये. शेकोटीशी आपण असेच अंतर राखून बसतो. २०१७ साली एकाच ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले. सूर्याचा उजेड आपल्याकडे आठ मिनिटांत पोचतो. तिथला यायला चाळीस वर्षे लागतात. मात्र वाहते पाणी आणि जीव असल्याचे अजून कुठेही सिद्ध झालेले नाही.

२०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. सहा हजार ग्रह धुंडाळून जे सापडले नाही, ते आपल्या विहिरीत आहे. त्याची किंमत पोरांना यातून कळावी.

आता पुस्तकांचे सांगतो. डॉ. जयंत नारळीकर मूळचे कोल्हापूरचे, जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. मोठ्या नावाचा वशिला नको, हा त्यामागचा हेतू. २०२५ साली ते गेले, पण पुस्तके आहेत. पोरांसाठी त्यांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आणा. शिकणाऱ्या मुलामुलींना 'चार नगरांतले माझे विश्व' हे त्यांचे आत्मचरित्र द्या. आणि थोरांनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचावी. पाऊस रुसला की नांदते गाव कसे उठून जाते, ते त्या कादंबरीत आहे.

जानेवारी २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी भरले होते. मांडव उठला, म्हणून वाचन उठू नये. गावच्या वाचनालयात ही तीन पुस्तके मागा; नसतील तर मागवायला लावा. जेवणे उरकल्यावर एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. मग माळ्यावर नातवंडाने पुन्हा विचारले, तर सांगायला तुमच्याजवळ काहीतरी असेल.