आलेच, पाच मिनिटांत!

आमच्या होस्टेलमध्ये सर्वांत जास्त बोललं जाणारं वाक्य कोणतं? "आलेच, पाच मिनिटांत!" आणि सर्वांत खोटं वाक्यही तेच.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले (शुद्धलेखन सांभाळून घ्या!). शाळेत दहा वर्षांत कधी उशीर झाला नाही. घंटा झाली की गेट बंद आणि डायरीत लाल शेरा. मला वाटायचं, मी फार वक्तशीर आहे. होस्टेलला आले, घंटा गेली, वक्तशीरपणाही गेला. म्हणजे ती सवय नव्हतीच, नुसती भीती होती.

मित्रमैत्रिणींनो, तुमचंही असंच आहे का बघा. घरी जायची गाडी आपण चुकवत नाही. व्हायवाला एक्स्टर्नल येणार म्हटलं की अर्धा तास आधी हजर. उशीर होतो तो जिथे आपल्याला कुणी रागावणार नसतं तिथे. वर विनोद, "इंडियन स्टँडर्ड टाइम!" ती प्रमाणवेळ १९०६ साली आली ती सगळ्यांची घड्याळं जुळावीत म्हणून. आपण तिलाच उशिराचं निमित्त केलं.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आठवड्यात आम्ही चौघी रोज मेस बंद व्हायच्या वेळेला जायचो. मावशी ताटं झाकून ठेवायच्या, कधी काही बोलल्या नाहीत. एका रात्री आमच्यापायी आवरायला उशीर झाला आणि त्यांची शेवटची एसटी गेली. वॉचमनकाकांचा फोन मागून त्यांनी घरी कळवलं आणि रात्र मेसच्या बाकावर काढली. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. "पोरींना उपाशी कसं ठेवायचं?" एवढंच म्हणाल्या. मला मान वर करवेना.

मग इंजिनिअरसारखं मोजून पाहिलं. रूम ते मेस, चालायला चार मिनिटं. पण फाईल आवरणं, चप्पल शोधणं, कुलूप, जिन्यातल्या गप्पा धरून पंधरा! आपण फक्त चालणं मोजतो. १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले ५५. चला, आपण एकटे नाही!

पण सवय लागते. लंडनमधल्या संशोधिका फिलिपा लाली यांच्या २००९ च्या अभ्यासात रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडलेली नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ पर्यंत. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. मीही एक खूण ठरवली. आठ वाजता होस्टेलची पाण्याची मोटर बंद होते. आवाज थांबला की पेन खाली, मग असाइनमेंट अर्धी का असेना.

आज माझा एक्केचाळिसावा दिवस. तीनदा चुकले. तुम्हीही सुरुवात करा, पण प्रिन्सिपॉल सरांच्या मीटिंगपासून नको. तिथे सगळेच वेळेवर जातात. जी व्यक्ती तुम्हाला रागावू शकत नाही, तिच्यापासून करा.

मावशींना मात्र हल्ली एसटीत बसायला जागा मिळते.